घरून काम: आधी घराचं टाइमटेबल, मग ऑफिसचं

रोज आठ-बावीसची फास्ट लोकल पकडणारा माणूस कामात लक्ष लागत नाही अशी तक्रार फारशी करत नाही. त्याचं अर्धं काम गाडीच करते. ती त्याला घराबाहेर काढते, दिवस किती वाजता सुरू करायचा ते ठरवते आणि संध्याकाळची ठरलेली गाडी चुकली तर पुढच्या गाडीत पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही, या धाकाने काम वेळेवर आवरायलाही लावते. घरून काम सुरू झालं की हे तिन्ही धाक सुटतात आणि त्यांच्या जागी दुसरं काही येत नाही. मग दोन-तीन आठवड्यांत माणूस स्वतःला आळशी म्हणायला लागतो. खरं तर आळस फार थोड्यांना नडतो. बहुतेकांनी दिवसातलं सगळ्यात अवघड काम सगळ्यात गोंगाटाच्या तासाला बसवलेलं असतं, तेही पलंगावर मांडी घालून.

म्हणून निश्चय वगैरे नंतर. आधी एक कागद घ्या.

तीन दिवस फक्त आवाज लिहा

सकाळी ६ ते रात्री १०, अर्ध्या अर्ध्या तासाचे ३२ चौकोन आखा. कामाचे सलग तीन दिवस त्यात घरातली आणि आसपासची हालचाल लिहीत जा: पाणी किती वाजता येतं, कुकर कधी लागतो, मिक्सर कधी, कामाच्या मावशी कधी येतात, कचरेवाला, भाजीवाला, कुरिअर, मुलांची शाळा, शेजारचं ड्रिल, टीव्ही. रविवार धरू नका, त्या दिवशीचं घर वेगळं असतं.

प्रत्येक नोंदीपुढे दोनपैकी एक अक्षर टाका. नुसता आवाज असेल तर 'आ'. तुम्हाला उठावं लागलं किंवा उत्तर द्यावं लागलं तर 'बो', म्हणजे बोलावणं. हा भेद महत्त्वाचा आहे. खाली रस्ता फोडायचा ब्रेकर चालू असला तरी हेडफोन लावून निभावतं. पण 'अरे, जरा बेल बघ' याला हेडफोन चालत नाही. लोक आवाजाला शिव्या घालतात; दिवस पोखरतं ते बोलावणं.

उपनगरातल्या वन-बीएचकेत, सकाळची शाळा आणि दोन पिढ्या असलेल्या घरात, हा कागद साधारण असा भरतो. सहा ते साडेसात पाणी, डबे, आंघोळी. मूल शाळेत गेलं की साडेसात ते साडेनऊ घर बऱ्यापैकी शांत. साडेनऊ ते साडेअकरा झाडू, लादी, भांडी आणि दर दहा मिनिटांनी बेल. साडेअकरा ते दीड स्वयंपाक आणि शाळेतून परतणं. दुपारी दोन ते चार मोठी माणसं आडवी झालेली, म्हणून पुन्हा शांतता. चारनंतर चहा आणि सोसायटीच्या आवारात क्रिकेट. सातपासून मालिका. तुमचा कागद वेगळा येईल. पाणी संध्याकाळी येत असेल किंवा शाळा दुपारची असेल, तर सगळंच उलटं होईल. पण तीन दिवस नीट लिहिलं तर निदान दोन मोकळ्या पट्ट्या जवळपास प्रत्येक घरात सापडतात, एक ते दोन तासांच्या.

आता कामं वाटा. डोकं खर्ची पडणारं काम, म्हणजे कोड, हिशेब जुळवणं, रिपोर्ट लिहिणं, डिझाइन, या शांत पट्ट्यांत टाका. 'आ'च्या तासांत कॉल घ्या, कारण चांगला माइक आसपासचा आवाज बराचसा गाळतो. 'बो'च्या तासांत अर्धवट सोडता येण्याजोगी कामं ठेवा: मेलची उत्तरं, टाइमशीट, खर्चाची बिलं चढवणं, फायली जागेवर लावणं. नेहमीची चूक म्हणजे सकाळी शांत वेळी लॅपटॉप उघडून पहिला दीड तास मेल चिवडण्यात घालवायचा, आणि मावशी आल्यावर रिपोर्ट लिहायला घ्यायचा.

शांत पट्टी सापडली की तीही तुकडे पाडून वापरा. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बसवली. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. कंटाळवाणी, टाळली जाणारी कामं सुरू करायला ती छान. पण कोड किंवा लिखाणात शिरायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, मग रंगात आल्याबरोबर घंटा वाजते. अशा कामांना ५० मिनिटं आणि १० मिनिटं हे माप बरं. मधल्या दहा मिनिटांत फोन हातात घेऊ नका, उठा. बाटली भरा, दोरीवरचे कपडे उलटे करा, खिडकीत उभे राहा. रील बघत बसलात तर डोळे आणि डोकं दोन्ही कामालाच जुंपलेले राहतात.

आणि मध्येच उठावं लागलंच, तर उठण्याआधी एक ओळ लिहा: 'मार्चचा जीएसटी जुळला, एप्रिलमध्ये १२ वं बिल बघायचं.' दहा सेकंदांचं काम आहे. एका कामातून दुसऱ्यात गेल्यावर मनाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो, असं सोफी लेरॉय यांनी २००९ साली संशोधनातून मांडलं. मराठीत त्याला खरकटं लक्ष म्हणता येईल. अर्धवट काम कुठे थांबलं आणि पुढे काय करायचं ते लिहून उठलात, तर परत आल्यावर ताट बरंच स्वच्छ असतं.

बसायची जागा: सुताराला माप तुम्ही सांगा

मुंबईत वेगळी खोली द्या, हा सल्ला देणाऱ्याने बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली बघितलेली नसते. खोली नसली तरी चालतं, जागा मात्र ठरलेली हवी. तीन फूट बाय दीड फूट भिंत मिळाली तरी पुरे.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे भिंतीला लावायचं फोल्डिंग टेबल. १९ मिलिमीटरचं प्लाय, ३६ इंच बाय १८ इंच, खाली १४ किंवा १६ इंची दोन फोल्डिंग ब्रॅकेट. सुतार न विचारता ३० इंच उंचीवर लावतो, कारण जेवणाच्या टेबलाचं तेच माप त्याच्या हातात बसलेलं असतं. पाच फूट ते पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला ते टाइप करायला उंच पडतं. खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते. म्हणून स्वतःचं माप घ्या. ज्या खुर्चीवर बसणार तिच्यावरच बसा, तळवे जमिनीवर टेकवा, दंड सैल सोडून कोपर काटकोनात दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची म्हणजे टेबलाची उंची, एखादा इंच कमी असली तरी चालेल. बहुतेकांची २५ ते २८ इंचांत येते.

भिंत कसली आहे ते आधी ठोकून बघा. जुन्या इमारतीतली विटांची किंवा काँक्रीटची भिंत फास्टनर धरते. नव्या टॉवरमधल्या आतल्या भिंती पुष्कळदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी काही महिन्यांत सैल होते. हार्डवेअरवाल्याला 'सिपोरेक्ससाठी' असं सांगून लांब फास्टनर मागा. जिप्समच्या पार्टिशनवर टेबल लावूच नका. घर भाड्याचं असेल तर भोकं पाडायच्या आधी मालकाला विचारा, नाहीतर डिपॉझिटातून त्याच भोकांचे पैसे कापले जातात.

टेबल जेवणाचंच वापरायचं असेल आणि ते उंच पडत असेल तर खुर्चीवर उशी घ्या. त्याने पाय अधांतरी होतात, तर पायाखाली पाट. घराघरात पडून असलेला पाट याहून चांगल्या कामाला येणार नाही.

लॅपटॉप आहे तसा टेबलावर ठेवून आठ तास बघितलं तर मान खालीच राहते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी, म्हणजे लॅपटॉप पाच-सहा इंच उचलावा लागतो. स्टँड नसेल तर जाडजूड पुस्तकं किंवा पालथा घातलेला पोह्यांचा डबा. पण लॅपटॉप उचलला की कीबोर्डही वर जातो, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच. नुसता स्टँड आणणाऱ्यांची मान सुटते आणि मनगटं धरतात. खाली हवा खेळल्याने लॅपटॉप तापत नाही, हा वरचा फायदा. मे महिन्यात पलंगावर, गादीत रुतलेल्या लॅपटॉपचा पंखा गुदमरतो, मशीन तापतं आणि स्वतःला सांभाळायला वेग कमी करतं. आपण मात्र नेटला दोष देत बसतो.

जमिनीवर बसायची सवय असेल तर चौरंग आणि पाठीला लोड. वाचायला, कॉल ऐकायला उत्तम. सलग टाइप करायला अर्ध्या तासाच्या वर नको, पायाला मुंग्या येतात आणि नकळत कुबड निघतं. उभं राहून काम करायचं असेल तर स्वयंपाकघराचा ओटा आहेच. तो साधारण ३२ ते ३४ इंच असतो, वर पालथा डबा ठेवला की लॅपटॉप उभ्या माणसाच्या कोपराजवळ येतो. सिंक आणि गॅसपासून तीन फूट लांब राहा, चार्जर ओट्यावर आणू नका, आणि हे स्वयंपाकाच्या वेळेत करून घरात भांडण ओढवून घेऊ नका.

खिडकी बाजूला असावी. पाठीमागे असेल तर कॉलवर तुमचा चेहरा काळा दिसतो आणि स्क्रीनवर चकाकी येते. समोर असेल तर पश्चिमेच्या घरात दुपारी तीननंतर डोळे मिटून बसावं लागतं. डोळ्यांसाठी २०-२०-२०चा नियम सगळे सांगतात: दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं. दहा बाय बाराच्या खोलीत २० फूट लांब काहीच नसतं. तेव्हा खिडकीत जाऊन समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघा.

नेट आणि वीज

एका व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस वेग पुरतो, वर आणि खाली दोन्हीकडे. म्हणजे १०० एमबीपीएसचं कनेक्शन असताना तुमचा आवाज तुटत असेल तर प्लॅन वाढवून उपयोग नाही, गडबड बहुधा घरातल्या वाय-फायमध्ये आहे. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजवर ठेवलेला असतो, तिथून हलवा. एकावर एक घरं असलेल्या इमारतीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत एकमेकांच्या पायात पाय घालतात, कारण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. राउटरच्याच खोलीत बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. ते वेगवान आहे, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे दम तोडतं. आणि खरं सांगायचं तर राउटरपासून दहा मीटरची कॅट-६ (नेटची) वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून थेट लॅपटॉपला लावली की हा सगळा परिच्छेद विसरता येतो.

मुंबईत वीज जात नाही, असं म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि त्या लॉकडाउनच्या वर्षात घरून काम करणारेही अंधारात गेले. असं रोज होत नाही. पण मुलुंड-भांडुपपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत महावितरणच्या भागात देखभालीसाठी, आणि इतरत्र इमारतीतल्याच बिघाडामुळे, अधूनमधून तास-दोन तास वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी असते, राउटर मात्र त्याच क्षणी मरतो.

त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचं 'आउटपुट' वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असू शकतात. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२चा लावला तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी, एकालाच लावून नेट येत नाही. आणल्या दिवशीच मेन स्विच बंद करून दहा मिनिटं कॉल चालवून बघा. राउटरचे दिवे चालू आणि नेट गेलेलं असं झालं, तर इमारतीच्या जिन्यातला किंवा गच्चीवरचा केबलवाल्याचा डबा बॅटरीवर नाही, असं समजा. तिथे तुमचा यूपीएस काही करू शकत नाही, फोनचा हॉटस्पॉट लागतो. तो ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचा ठेवा, नाहीतर दोन्ही एकदम बुडण्याची शक्यता वाढते. तासभराच्या व्हिडिओ कॉलला एक-दीड जीबी जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये एकच कॉल. आपला कॅमेरा आणि समोरच्यांचा व्हिडिओ दोन्ही बंद ठेवून नुसता आवाज घेतला तर तोच तास शंभर एमबीच्या आत बसतो.

पावसाळ्यात गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या वायरी तुटतात, आणि दुरुस्तीवाला त्याच दिवशी येईल असं धरू नका. जून उजाडायच्या आधी हॉटस्पॉटचा रिचार्ज, भरलेली पॉवर बँक आणि वायरमनचा नंबर एवढं तयार असू द्या.

कुकरची शिट्टी आणि क्लायंट

हेडफोनच्या खोक्यावर दोन वेगळी अक्षरं असतात आणि दुकानदारही त्यांची सरमिसळ करतो. एएनसी म्हणजे बाहेरचा आवाज *तुमच्या* कानात येऊ न देणं. ईएनसी म्हणजे तुमच्याकडचा आवाज *समोरच्याला* जाऊ न देणं. कॉलवर शिट्टी ऐकू जाते म्हणून महागडा एएनसी घेतलात तर शिट्टी फक्त तुम्हाला ऐकू येणं बंद होईल, आणि कुकर वाजतोय हेच तुम्हाला कळणार नाही. कॉल जास्त असतील तर तोंडापाशी दांडीवर माइक असलेला वायरचा साधा हेडसेट घ्या. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, किंचित खाली. अगदी समोर धरला तर प्रत्येक 'प' आणि 'भ' फुटतो.

पंख्याचा वारा थेट माइकवर येत असेल तर खुर्ची दोन फूट सरकवा, पंखा बंद करू नका. मुंबईच्या ऑक्टोबरात पंखा बंद करून काम होत नाही. झूम, टीम्स, मीट या तिघांतही आवाज गाळण्याची सोय आहे. तिला पायऱ्या असतील तर सगळ्यात वरची लावल्यावर जुन्या लॅपटॉपवर ताण येतो, मधली पायरी बघा. म्यूटची कळ बोटात बसवा: विंडोजवर टीम्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम, झूममध्ये ऑल्ट-ए, मीटमध्ये कंट्रोल-डी. माउसने बटण शोधेपर्यंत भाजीवाल्याने मेथीचा भाव सगळ्यांना सांगितलेला असतो.

शेजारी रीडेव्हलपमेंट चालू असेल तर ब्रेकर कधी चालतो ते एकदा खाली जाऊन विचारून या. कामगारांची जेवणाची सुट्टी ठरलेली असते, तो तास तुमचा. इमारतीतल्याच घरात फरशी फुटत असेल तर सेक्रेटरीला विचारा, बऱ्याच सोसायट्यांत दुपारी ठोकाठोकी बंद ठेवायचा नियम असतो आणि कुणी विचारत नाही म्हणून तो पाळला जात नाही. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, पण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. रात्रीची शिफ्ट असेल तर हे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

'घरीच तर आहेस!'

हे वाक्य टाळता येत नाही, पण त्याला वेळ लावून देता येते. 'मला डिस्टर्ब करू नका' असं म्हटलं की आईंना, सासूबाईंना ते लागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पाळलंही जात नाही, कारण मग कधी बोलायचं हे त्यात सांगितलेलं नसतं. त्यापेक्षा असं सांगा: 'आई, ११ ते १२ माझी मीटिंग आहे. बारा वाजता मी उठतो, तेव्हा दळण टाकून येतो.' आणि बारा वाजता खरंच उठा. दोनदा नाही उठलात की अकराच्या मीटिंगलाही किंमत उरत नाही.

दिवसाच्या मीटिंगा आणि शांत पट्ट्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मावशींना खोल्यांचा क्रम सांगा: तुमची जागा पहिली झाडून-पुसून घेतली की पुढचे दोन तास त्या तिथे फिरकत नाहीत. कुरिअर वॉचमनकडे ठेवायला सांगा. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर लाल-हिरव्या पाट्या, बक्षिसं वगैरे वीस मिनिटांपुरती. त्यापुढे मोठं माणूसच लागतं. ते कोण, किती ते किती, हे आदल्या रात्री ठरवा.

नवरा-बायको दोघं घरून काम करत असतील तर एका गोष्टीचं वाटप आधी करा: बेल कोणाची. वरवर क्षुल्लक वाटतं. पण आवाजाचा कागद दोघांनी वेगवेगळा भरला की दिसतं, 'बो'चे बहुतेक चौकोन बाईच्याच कागदावर आहेत. दूध, कचरा, मावशी, सिलिंडर, शेजारच्या काकू, सगळ्यांना दार तीच उघडते. सकाळची बेल एकाची, दुपारची दुसऱ्याची, आणि ज्याची बेल त्याने तेव्हा अवघड काम घ्यायचं नाही. एका खोलीत दोघांचे कॉल एकाच वेळी असतील तर जास्त बोलणाऱ्याला आत पाठवा, फक्त ऐकणारा ओट्यापाशी उभा राहू शकतो. मे महिन्यात एसी एकाच खोलीत असतो आणि सगळं घर त्याच खोलीत येऊन बसतं. तेव्हा शांत पट्टी सकाळी साडेसहालाच ओढावी लागते, त्याला दुसरा उपाय नाही.

फोन

दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज चालू ठेवून. घरची चार-पाच माणसं, मुलांची शाळा आणि साहेब यांना 'स्टार' लावून 'डू नॉट डिस्टर्ब'मधून सूट द्या, बाकी सगळं बंद. सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा आणि सुप्रभातवाल्या नातेवाइकांचा ग्रुप कायमचा म्यूट करा; कोणी वाईट वाटून घेत नाही, कारण कोणाला कळतच नाही. हे सगळं करून लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवणारे पुष्कळ आहेत.

ऑफिसच्या चॅटला दिवसातून तीन-चार ठरावीक वेळी उत्तर द्या आणि तसं सकाळीच कळवा: आज काय संपवणार, शांत वेळ कोणती, आणि तातडीचं असेल तर फोन करा. तीन ओळी पुरतात. साहेब दर तासाला 'झालं का?' विचारतात, कारण बहुतेकदा त्यांना काही दिसत नसतं.

दुपार

घरी गरम वरण-भात मिळतो, आणि दोन वाजता डोळे मिटतात. वामकुक्षी घ्या, पण गजर २५ मिनिटांचा लावून, आणि शक्यतो पलंगाऐवजी चटईवर. झोप अर्ध्या तासाच्या पुढे गेली की गाढ होते, उठल्यावर तासभर डोकं जड राहतं आणि दुपारची शांत पट्टी हातची जाते. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दिवसाची शिफ्ट असणाऱ्याने शेवटचा कडक चहा पाचच्या आत उरकावा.

क्लायंट परदेशी असेल तर दुपारचं गणित वर्षातून दोनदा बदलतं. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे दोघांचा हिशेब वेगळा. परतताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मीटिंग कॅलेंडरमध्ये क्लायंटच्या टाइमझोनमध्येच टाका, आपोआप सरकते. आणि या दिवसांत फ्रिजवरचा कागदही बदला, नाहीतर जेवणाची ताटं आणि लंडनचा कॉल एकाच वेळी वाढले जातात.

सुरुवात आणि शेवट

सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून पंधरा मिनिटं घराबाहेर पडा. दूध, पेपर, नाक्यापर्यंत चक्कर, काहीही. परत आलात की सोफ्यावर न टेकता थेट टेबलापाशी. गाडी जे करत होती त्याचा एवढा भाग पायी करता येतो.

संध्याकाळची गाडीही ठरवा, सहा-दहाची म्हणा. त्याच्या वीस मिनिटं आधी गजर. नवं काही उघडायचं नाही. अपुरं काय राहिलं ते लिहा, त्याखाली उद्याची पहिली ओळ लिहा, टॅब बंद करा, साहेबांना काय झालं ते दोन ओळींत कळवा, आणि लॅपटॉप चार्जरसकट कपाटात. कपाटात जागा नसेल तर त्याच्यावर टॉवेल टाका. उघडा लॅपटॉप समोर दिसत राहिला तर रात्री साडेनऊला 'एकच मेल' म्हणत माणूस पुन्हा बसतो. मग खाली उतरून भाजी घेऊन या.

शाळेला मेची सुट्टी लागली, जूनच्या मध्याला शाळा उघडली, घरी गणपती बसले, दिवाळीत पाहुणे आले किंवा मावशींनी वेळ बदलली, की आवाजाचा कागद नव्याने भरावा लागतो. या वेळी एक दिवस पुरतो. गणपतीत आरतीच्या वेळा कॅलेंडरवर 'बिझी' म्हणून आधीच टाका, क्लायंटला त्या दहा दिवसांची कल्पना द्या. आणि फ्रिजवर नवा कागद लावताना जुना काढून टाका. दोन्ही राहिले तर घरातलं प्रत्येक माणूस आपल्या सोयीचा कागद वाचतं.